माळ्यावर जुनी क्यू सापडली? आधी या चुका टाळा

भुसावळला मामांच्या घरी माळा आवरताना एक लांब काळी टिनाची नळी निघाली. मामांना वाटलं, बंदुकीचं काहीतरी असणार. झाकण फिरवलं तर आत बिलियर्ड्सची क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी. मी त्याच संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसलो. तासाभराने काठी पांढरीफटक झाली होती आणि टोकाच्या पितळी फेरूलची, म्हणजे टोकावर बसवलेल्या कड्याची, कड लाकडाबाहेर आली होती, नख अडकेल इतकी. इतक्या वर्षांच्या हातांनी चढलेला मधासारखा रंग मी एका तासात भुश्यात घालवला. या विषयातली सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे. घासल्याने नुसता रंग जात नाही. काठीचा निमुळतेपणा बिघडतो, ती बारीक होते, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही.

आपल्याकडे या वस्तू निघाल्या तर नवल नाही. भुसावळ रेल्वेचं गाव, आणि साहेबांच्या क्लबात बिलियर्ड्सचं टेबल असायचंच. त्याचाच भाऊबंद स्नूकर तर १८७५ साली जबलपूरच्या छावणीत जन्मला, आणि मुंबईहून जबलपूरला जाणारी गाडी आजही भुसावळवरूनच जाते.

आपण सगळ्याच काठ्यांना ‘पूल स्टिक’ म्हणतो. मग नेटवर अमेरिकी पूल क्यूचे भाव बघून डोळे विस्फारतात. अमेरिकी पूल क्यू बहुधा मेपलची, मधोमध स्क्रूने जोडलेली, टोकाला साधारण १३ मिलिमीटर. इंग्रजी स्नूकर-बिलियर्ड्सची क्यू बहुतेक वेळा अ‍ॅशची, जुनी असेल तर मधे स्क्रू नसलेली, टोकाला ९ ते ११ मिलिमीटर. अ‍ॅशच्या लाकडावर गडद रेषा बाणाच्या टोकांसारख्या उतरत जातात. मेपल जवळजवळ कोरं दिसतं. इंग्रजी क्यूच्या मुठीला खाली एका बाजूने तासलेला सपाट भाग असतो आणि त्यावर बनवणाऱ्याची पट्टी.

त्या पट्टीवरचा आकडा म्हणजे क्यूचं जन्मसाल असं समजू नका. पट्टीवर नामांकित खेळाडूचं नाव आणि त्याचा ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेले गुण, छापलेले असतात: ४१३७ हा वॉल्टर लिंड्रमचा १९३२ मधला बिलियर्ड्सचा ब्रेक. १४७ हा जो डेव्हिसचा १९५५ मधला स्नूकरचा. म्हणजे जो डेव्हिसच्या नावाखाली १४७ छापलेली क्यू १९५५ च्या आधीची असूच शकत नाही, एवढंच त्यातून कळतं. नंतरची मात्र कितीही असू शकते, कारण अशी नावं विकणारे ती वर्षानुवर्षं विकत राहिले. पट्टी काढून दुसऱ्या काठीवरही बसवता येते, म्हणून तिच्या कडेला नवा गोंद किंवा रिकामी फट दिसते का ते भिंगातून बघा. मग काठीच्या फिक्या लाकडात मुठीचं काळं लाकूड घातलेलं असतं, तो जोड बघा. हाताने घातलेल्या जोडात काळ्या लाकडाची टोकं कमानीसारखी गोलसर येतात, यंत्राच्या जोडात ती टोकदार येतात. हाताचा जोड असेल तर किंमत चढते. शेवटी टेपने लांबी मोजा. मूळची ५७-५८ इंचाची काठी कुणीतरी पोरासाठी कापून ५२ ची केलेली असेल, तर भाव तिथेच कोसळतो.

आता वाकडेपणा. टेबलावर लोळवली, धडधडली, म्हणजे वाकडी, असा निकाल लोक लगेच देतात. अहो, मुठीचा तो सपाट भागच धडधडतो! तेवढा भाग टेबलाच्या कडेबाहेर ठेवा, मग लोळवा आणि काठी व टेबल यांच्यातली फट बघा. नाहीतर एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे नजर टाका. थोडासा बाक चालतो. पण लाठी शेकून सरळ करतात तशी क्यू शेकायला जाऊ नका. जुन्या क्यूंचे जोड बहुधा सरसाने चिकटवलेले असतात, आणि सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. आपला मे महिना, पंचेचाळीस अंश, गच्चीवर ‘जरा ऊन दाखवायला’ ठेवलेली काठी... पुढचं सांगायला नको.

कूलर हा त्याहून छुपा शत्रू. दिवसा कूलरची ओल, तो बंद झाला की कोरडी झळ. लाकूड फुगतं, आकसतं, आणि एबनीच्या, म्हणजे त्या काळ्या लाकडाच्या, मुठीला केसाएवढ्या चिरा पडतात. कूलरच्या खोलीत, दाराच्या मागे भिंतीला टेकवून तर कधीच ठेवू नका. आतल्या खोलीत आडवी ठेवा किंवा टोकाकडून उभी लटकवा.

साफ करायचीच असेल तर घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको: जुनं पॉलिश लाखेचं असेल तर ते स्पिरिटमध्ये विरघळतं. पितळ चमकवायच्या नादात पट्टीवरची अक्षरं पुसू नका. वर तेलाचा एक अगदी पातळ हात पुरे. घरचं जवसाचं तेल वाळायला खूप दिवस घेतं. रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लवकर वाळतं. पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

पांढरी पट्टी किंवा फेरूल दिसलं की तापलेली सुई टोचून हस्तिदंत आहे का बघणारे असतात. ते सेल्युलॉइड निघालं तर भडकेल. आणि खरंच हस्तिदंत निघालं तर आनंद करण्यासारखं काही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर त्याचा व्यापार बंद आहे, आफ्रिकी हत्तीच्या दातासकट. जुन्या पांढऱ्या चेंडूंनाही हेच लागू. विकायची भाषा करण्याआधी वनविभागाला विचारा.

भावाचं म्हणाल तर लोक मागतात तो भाव सोडा, विकल्या गेल्या तो बघा. क्लबच्या रॅकमधली बिननावाची काठी फारशी किंमत आणत नाही, धुळ्यातला भंगारवाला मला म्हणाला तेच खरं, “भाऊ, हाई काठी शे, काठीनाच भाव देसू.” नावाची पट्टी, हाताचा जोड, पूर्ण लांबी आणि मूळची टिनाची नळी जुळून आली की गोष्ट वेगळी. ‘ही विल्सन जोन्स यांच्या हातातली’ वगैरे कहाण्या पुष्कळ ऐकायला मिळतात. १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झालेल्या माणसाचं नाव कुणालाही आपल्या काठीला हवंच असतं. फोटो नाही, पत्र नाही, तर त्या कहाणीचे पैसे देऊ नका आणि मागूही नका.

विकायला काढताना पट्टीचा, जोडाचा, दोन्ही टोकांचा फोटो दिवसाच्या उजेडात घ्या, लांबी आणि वजन लिहा, दोषही लिहा. मामांच्या क्यूच्या वर्णनात ‘पॉलिश पेपरने घासलेली’ हे मीच लिहिलं. मामा म्हणाले, “घासणाऱ्याचं नाव पण टाक.”