विद्यापीठाचा सामायिक ड्राइव्ह स्वतःच्या संगणकाला कसा जोडावा

विद्यापीठाच्या सर्व्हरवर विभागाला किंवा संशोधनगटाला दिलेली जागा आपल्या लॅपटॉपवर साध्या ड्राइव्हसारखी दिसू लागली, की प्रबंधाच्या एकाच प्रकरणाच्या चार-चार प्रती पेनड्राइव्हवर सांभाळण्याची गरज उरत नाही. जोडणीचे प्रत्यक्ष काम पाच-दहा मिनिटांचे असते. वेळ जातो तो बहुतेकदा संगणक योग्य नेटवर्कवर नसल्यामुळे किंवा लॉगिनचे नाव अपुरे लिहिल्यामुळे.

असे ड्राइव्ह बहुतांशी एसएमबी या प्रोटोकॉलवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर चालतात आणि त्यासाठी सर्व्हरचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे ठरावीक प्रवेशमार्ग वापरला जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम याच प्रोटोकॉलच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरला होता. हा धोका लक्षात घेऊन विद्यापीठे आपला सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवत नाहीत. त्यामुळे घरून किंवा गावाहून काम करताना आधी विद्यापीठाचे व्हीपीएन, म्हणजे दुरूनही विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे नेणारी जोडणी, सुरू करावे आणि मगच पुढे जावे. दुसऱ्या विद्यापीठात एज्युरोमच्या, म्हणजे स्वतःच्या विद्यापीठाच्या खात्यानेच इतर विद्यापीठांतही चालणाऱ्या वाय-फायवर लॉगिन झाले, तरी तुम्ही त्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर असता, स्वतःच्या नव्हे. तेथेही व्हीपीएन लागतेच.

यानंतर संगणक केंद्राकडून किंवा विभागाकडून ड्राइव्हचा नेमका पत्ता मागून घ्यावा. विंडोजमध्ये तो \\सर्व्हर\फोल्डर अशा स्वरूपात लिहितात. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडून वरच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडावे, ड्राइव्हसाठी एखादे मोकळे अक्षर ठरवावे आणि पत्ता भरावा. तेथील ‘कनेक्ट युझिंग डिफरंट क्रेडेन्शिअल्स’ या चौकटीवर खूण करण्यास मात्र विसरू नये. ती खूण नसेल, तर विंडोज आधी तुमच्या लॅपटॉपवरचे खाते सर्व्हरपुढे करते आणि सर्व्हरला ते ओळखीचे नसते. लॉगिनचे नाव विद्यापीठाच्या डोमेनसह (विद्यापीठाच्या नेटवर्कच्या नावासह), म्हणजे डोमेन\नाव असे किंवा संपूर्ण ईमेल पत्त्यासारखे लिहावे. यांपैकी कोणते रूप चालते, हे पत्ता मागतानाच विचारून घेतलेले बरे.

मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ हा पर्याय असतो. तेथे पत्त्याच्या आरंभी smb://, म्हणजे एसएमबी, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा लागतात. या रेघा विंडोजच्या उलट दिशेला झुकलेल्या असतात आणि चूक नेमकी तेथेच होते. उबुंटू या लिनक्स प्रणालीमध्ये ‘फाइल्स’ या प्रोग्रॅममधून मॅकसारखाच पत्ता देऊन जोडणी होते.

जोडणी नाकारली गेली, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकू नये, कारण ठरावीक चुकांनंतर खाते कुलूपबंद होते. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शिअल मॅनेजर’मध्ये जाऊन जपून ठेवलेला जुना पासवर्ड काढून टाकावा, खाते वारंवार बंद पडण्यामागे मला हे कारण बरेचदा दिसले आहे. त्याच सर्व्हरशी आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झाली आहे, असा संदेश आला, तर ती जुनी जोडणी तोडावी, विंडोजमधून साइन-आउट करून परत यावे आणि मग प्रयत्न करावा. संगणकाचे घड्याळही तपासावे, कारण अनेक ठिकाणी वापरली जाणारी केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत साधारण पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक सहन करत नाही. एसएमबीची पहिली आवृत्ती सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये.

एक गोष्ट मला अतिशय कळकळीने सांगाविशी वाटते. या ड्राइव्हवर दिसते ती प्रत नसून सर्वांची मूळ फाइल असते. तेथून पुसलेली फाइल तुमच्या लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती सहकाऱ्यांसाठीही नाहीशी होते. सर्व्हरवर जुन्या अवस्था जपल्या जात असतील, तर फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ येथे ती सापडू शकते. तेथे काही नसेल, तर त्याच दिवशी संगणक केंद्राला कळवावे, कारण बॅकअपही ठरावीक काळच ठेवले जातात. लॅपटॉप मिटण्यापूर्वी किंवा व्हीपीएन बंद करण्यापूर्वी उघड्या फाइली जतन करून बंद कराव्यात, अन्यथा केलेले बदल हरवू शकतात आणि ती फाइल इतरांना काही काळ फक्त वाचता येते, बदलता येत नाही.