पुरातत्त्वात विज्ञान वापरताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत पाहणीला येणाऱ्या नव्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कार्बन डेटिंग कधी करायचं?" म्हणजे कोळसा-धान्यातल्या कार्बनवरून वय काढणं. अरे, आधी मातीचे थर वाचायला शिका. खड्ड्यातच बिघडलेला नमुना कुठलीही प्रयोगशाळा दुरुस्त करून देत नाही.

सगळ्यात जास्त वाटोळं होतं ते कोळशाचं. खाडीजवळच्या एका कामात शिलाहारकालीन (साधारण नवव्या ते तेराव्या शतकातल्या) खापरांच्या थरातून एका मुलाने टपोरा तुकडा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पाठवून दिला. निकाल आला १९५० नंतरचा! लगेच दोष प्रयोगशाळेला. मी छेदाचा, म्हणजे थर दिसणाऱ्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीचा, फोटो मोठा करून पाहिला. तुकडा होता तिथपर्यंत वरून खेकड्याचं बीळ उतरलेलं. आजूबाजूची माती पिवळट, घट्ट. बिळातली काळसर, भुसभुशीत. वरचा कोळसा त्यातूनच खाली आला होता.

माझी सवय सांगतो. छेद ताजा खरवडायचा, बिळं आणि मुळं शोधायची, स्केल ठेवून फोटो घ्यायचा. मग ट्रॉवेलच्या (छोट्या थापीच्या) टोकाने तुकडा थेट फॉइलमध्ये, हात न लावता. एक चिठ्ठी पिशवीत, एक पिशवीवर. एवढाही धीर नसेल तर नमुना घेऊच नका. आणि टपोऱ्या तुकड्यापेक्षा जळकं धान्य किंवा बारीक काटकी बरी. सागाच्या तुळईचा गाभा झाड तोडण्याच्या कितीतरी आधीचा असतो, म्हणून तारीख जुनी येते.

दुसरा मोह जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारचा. खाडीकाठच्या खारट चिखलातून वीज सहज वाहते, त्यामुळे रडारच्या लहरी वरच्यावर विरतात. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून 'खाली अवशेष नाहीत' असं अहवालात लिहिणं मला अजिबात मान्य नाही. 'इथे यंत्र चाललं नाही' असं सरळ लिहा.

बाकीच्या चुका थोडक्यात. आत शिजलेल्या अन्नाचे अंश तपासायचे असतील तर खापर धुऊ नका. गंजलेल्या तांब्यावर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) टेकवलं की आकडे गंजाचे येतात, धातूचे नव्हे. ओएसएल म्हणजे मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते सांगणारी चाचणी; तिच्या मातीला ऊन लागलं की नमुना वाया; नळी ठोकून, तोंडं बंद करून आणा. समुद्री शिंपल्याचं वय दुरुस्तीशिवाय जुनं दिसतं. कॅलिब्रेट न केलेल्या, म्हणजे प्रमाणित आलेखावरून खऱ्या वर्षांत न बदललेल्या, कार्बन वयावरून इसवी सन लिहू नका. आणि एका तारखेवर वस्तीचा काळ ठरवू नका. वरच्या, मधल्या, खालच्या थरातून नमुने घ्या. तारखा उलटसुलट आल्या तर आधी छेदाचे घेतलेले फोटो पुन्हा नीट बघा.