वाळवंटातलं घर शिकायचं तर आधी तिथली रात्र मोजा

उष्ण वाळवंटी हवामानात पर्यावरणपूरक घरांचं काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलं बहुतेक वेळा बांधकाम साहित्यावर येतात. माती घ्यावी की दगड, चुना की सिमेंट? मी त्यांना उलट विचारते, तिथली रात्र किती गार होते? हे माहीत नसताना भिंत कशाची बांधायची ते ठरवताच येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. सूर्य मावळला की जमीन साठवलेली उष्णता भराभर आकाशाकडे सोडते. दिवस-रात्रीच्या तापमानात 15 ते 20 अंशांचा फरक सहज पडतो. आता 25 सेंटीमीटर जाडीची मातीची भिंत घ्या. बाहेरच्या उन्हाचा परिणाम आत पोहोचायला साधारण 9 ते 10 तास लागतात. म्हणजे दुपारी दोनची धग आत उतरते मध्यरात्रीच्या सुमारास, आणि तोवर बाहेर हवा गार झालेली असते. तेव्हा खिडक्या सताड उघडायच्या, पहाटेपर्यंत भिंतीतली उष्णता निघून जाऊ द्यायची आणि ऊन चढायच्या आत सगळं बंद करायचं. वाळवंटातल्या जुन्या जाड भिंतींचं गणित हे एवढंच आहे.

पण रात्रच गार होत नसेल तर? दाट वस्तीच्या, डांबर-काँक्रीटच्या शहरात किंवा आखाती देशांच्या दमट किनाऱ्यावर उन्हाळ्यात मध्यरात्रीही पारा 30च्या वर राहतो. तिथे जाड भिंत रिकामी होतच नाही, उलट माणसं झोपायला जातात नेमकी तेव्हा ती तापलेली असते. अशा ठिकाणी भिंतीच्या बाहेरच्या बाजूने चांगलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आणि झोपायच्या खोल्यांना हलकं, लवकर निवणारं बांधकाम जास्त कामाला येतं. माती म्हणजे आपोआप थंड, हा समज शक्य तितक्या लवकर सोडा.

मी हे शिकले ते तापमान नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रांमुळे. काडेपेटीएवढं यंत्र, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. एक बाहेर सावलीत टांगायचं, एक उत्तरेच्या खोलीत, एक पश्चिमेच्या. एका घरात असा आलेख काढला तेव्हा उत्तरेच्या खोलीची रेषा जवळजवळ सपाट होती. पश्चिमेच्या खोलीची रेषा मात्र संध्याकाळभर चढत जाऊन रात्री अकराच्या आसपास माथ्यावर पोहोचत होती. घरातल्या आजी म्हणत होत्या की या खोलीत रात्रीच जीव घाबरा होतो, आणि बाकीच्यांना ते वयामुळे वाटत होतं. आजींचं म्हणणं त्या रेषेत जसंच्या तसं होतं. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बाहेरून जाळीदार आडोसा केला, मधून हवा खेळती ठेवली, आणि तो माथा खाली आला.

सूर्याचे कोन कागदावर स्वतः काढून बघा, सॉफ्टवेअर नंतर. जैसलमेर साधारण 27 उत्तर अक्षांशावर आहे. तिथे 21 जूनला माध्यान्हीचा सूर्य 86 अंशांच्याही वर, जवळपास डोक्यावर, आणि 21 डिसेंबरला 40 अंशांच्या आतच. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जा पुरतो, उन्हाळ्याचं ऊन अडतं आणि थंडीतलं आत येतं. पश्चिमेचा सूर्य समोरून येतो, तिथे छज्जा कितीही लांबवला तरी भागत नाही. उभे पडदे, जाळी, नाहीतर खिडकीच नको. आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खातं ते छप्पर. पैसे कमी असतील तर आधी छपरावर खर्च करा. पांढरा चुना, त्याखाली इन्सुलेशन, जमल्यास वर सावली.

पाण्याचा विषय नवखे लोक फार सहज घेतात. 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः 22 अंशांपर्यंत उतरू शकते, चांगला कूलर 26च्या आसपास आणतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.67 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता ओढून घेतं. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण ते पाणी कुठून येणार? विजेची युनिटं मोजता तितक्याच काटेकोरपणे हे लिटर मोजा. इराणमधल्या यज़्द शहरात दौलताबाद बागेतला वाऱ्याचा मनोरा, म्हणजे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारा मनोरा, सुमारे 33 मीटर उंच आहे आणि त्याच्या तळाशी पाण्याचं कुंड आहे. नुसता मनोरा उचलून आपल्या नकाशात ठेवणाऱ्यांना त्या कुंडाचा विसर पडतो.

पावसाचंही तसंच. वाळवंटात पाऊस नाही म्हणून जोतं बुटकं ठेवू नका. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात मोठा पूर आला आणि कवास भागात पाणी कितीतरी दिवस जमिनीत मुरलंच नाही. मातीच्या भिंतीला उंच जोतं आणि पुढे आलेलं छप्पर हवंच.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी 1940 च्या दशकात लक्सरजवळ वसवलेलं नवं गुर्ना गाव जरूर अभ्यासा. लाकडी आधाराशिवाय कच्च्या विटांच्या कमानी उभारण्याची नुबियन पद्धत त्यांनी तिथे वापरली. पण ज्यांच्यासाठी ते गाव बांधलं, त्यातल्या बहुतेकांना जुनं गाव सोडायचंच नव्हतं, कारण त्यांचं पोट तिथेच होतं. घर कितीही गार असलं तरी राहणाऱ्याचं पोट कुठे आहे, हे डिझाइनच्या आधी विचारायचं असतं.

शिक्षण वास्तुकलेचं असो वा स्थापत्य अभियांत्रिकीचं, दोन्हीकडून या कामात येता येतं. इमारतीतली उष्णता आणि लागणारी ऊर्जा यांचा हिशोब करणारं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, बऱ्याच शहरांच्या तासागणिक हवामानाच्या फाइलीही मोफत मिळतात. मातीचं बांधकाम मात्र हातानेच शिकावं लागतं. फ्रान्समधली क्राटेर ही संस्था आणि ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट यासाठी नावाजलेल्या आहेत. तिथे जाणं जमेपर्यंत बरणीत तृतीयांश माती घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. थर पट्टीने मोजा. चिकणमाती फार असली तर वीट वाळताना तडकते, कमी असली तर कडा भुगा होऊन गळतात.

नोकरीसाठी कामाचे नमुने दाखवाल तेव्हा चकचकीत चित्रांच्या जोडीला राहत्या घराचा एक मोजलेला आलेख ठेवा. उन्हाळ्यातल्या एका आठवड्याचा, आतल्या-बाहेरच्या दोन रेषांचा, आणि खाली तुमच्या शब्दांत कारण. मी माणसं निवडते तेव्हा आधी तेच पान उघडते, आणि पहिला प्रश्न विचारते की खिडक्या किती वाजता उघडल्या होत्या.