कागदाची हिमफुलं करताय? आधी टोकं मोजा

ठाण्यात डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो. तरी आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या पोरांनी ठरवलं, की नाताळला लॉबीत 'स्नो' पाहिजे. पहिल्या संध्याकाळी चाळीसेक फुलं कापून झाली. टोकं मोजली, तर प्रत्येकाला आठ!

नव्वद टक्के गडबड इथेच होते, कात्री हातात घ्यायच्या आधी. चौकोनी कागद दिसला की आपला हात सवयीने रुमालाची घडी घालतो: अर्धा, पुन्हा अर्धा, मग तिरका. त्यातून चार नाहीतर आठ पाकळ्याच निघणार. खऱ्या हिमकणाला सहा असतात, कारण गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात. सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरला इतका छळत होता की त्याने १६११ साली त्यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली. आमच्या शेजारच्या आजींना मात्र केप्लरची गरज पडली नाही. 'अगं, ही तर तेरा ते सात ठिपक्यांची रांगोळी,' म्हणाल्या. बरोबरच आहे. तेराच्या ओळीपासून दोन्हीकडे मधेमधे ठिपके देत सातापर्यंत गेलं की षट्कोनच होतो.

आता घडी. ए-४ कागदातून २१ सेंटिमीटरचा चौकोन काढा आणि कर्णावर दुमडा. त्रिकोणाच्या लांब बाजूच्या मध्यावर पेन्सिलने ठिपका द्या, तो फुलाचा मध्य. त्या ठिपक्यापासून उजवी बाजू डावीकडे आणि डावी उजवीकडे अशी दुमडायची, की तिन्ही हिस्से एकमेकांवर नीट बसतील. प्रत्येक हिस्सा ६० अंशांचा हवा. अंदाजपंचे केलंत तर एक पाकळी जाड आणि दुसरी लुकडी होते. मुलांच्या कंपासपेटीत गुण्या असतो, त्याचा ६० अंशांचा कोपरा ठिपक्यावर टेकवा आणि रेघ मारून घ्या. मग हा सुळका मधोमध अजून एकदा दुमडायचा. ही शेवटची घडी बरेच जण विसरतात. मग फूल उलगडल्यावर सहा सारख्या पाकळ्यांऐवजी तीन जोड्या दिसतात आणि नेमकं काय चुकलं ते कळत नाही. वर आलेली दोन शेपटं कापून टाका.

एवढं झालं की हातात कागदाचे १२ थर येतात. म्हणून कार्डपेपर नको. झेरॉक्सचा साधा ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद पुरे. पतंगाचा कागद त्याहून सोपा कापला जातो आणि खिडकीत उजेड आरपार आला की फार सुंदर दिसतो, पण उलगडताना फाटतो. पहिल्याच खेपेला तो घेऊ नका.

सुळक्याच्या दोन्ही कडा बंद असतात. एका कडेचा काप दुसऱ्या कडेच्या कापाला भेटला, की फुलाचे तुकडेच हातात येतात. मध्ये निदान चार मिलिमीटर कागद राहू द्या. भरतकामाची छोटी कात्री असेल तर उत्तम. वळण घेताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा. उलगडायची घाई नको. घड्या जायला फूल दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवा, रात्रीत सपाट होतं. मी एकदा वर्तमानपत्रात ठेवून इस्त्री फिरवली होती. फुलावर अर्धा अग्रलेख उमटला.

चमकीबद्दल एवढंच: नको. ती होळीपर्यंत सतरंजीतून निघत राहते.

टांगताना एकाच भोकातून दोरा ओवला तर पंख्याच्या वाऱ्याने फूल गरगर फिरतं आणि दोऱ्याला पीळ पडतो. शेजारच्या दोन पाकळ्यांना भोकं पाडून दोन दोरे घ्या. भोकाच्या जागी आधी चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे कागद फाटत नाही. काचेवर मात्र चिकटपट्टी नको, उन्हाने तिचा गोंद काचेलाच धरून बसतो. मैद्याची अगदी पातळ खळ बोटाने टेकवा, ओल्या फडक्याने सहज निघते. जाड लावलीत तर झुरळांना आमंत्रण, हे आधीच सांगून ठेवते.

आइस्क्रीमच्या काड्यांचं हिमफूल तीन काड्यांचं. तिन्ही एकदम चिकटवल्या तर वरची काडी डुगडुगते. पहिल्या दोन वाळू द्या, मग तिसरी.

आणि ती आठ टोकांची चाळीस? फेकली नाहीत. पिवळा रंग मारून जिन्याच्या कठड्याला लावली. नाताळच्या चांदणीला आठ टोकं चालतात.