आजोबांचा सेक्स्टंट पुन्हा चालू केला

आजोबा मालवाहू जहाजावर होते. त्यांचा पितळी सेक्स्टंट (सूर्य-तारे क्षितिजापासून किती कोनावर आहेत ते मोजून जहाजाची जागा काढायचं यंत्र) माळ्यावरून काढला तेव्हा स्क्रू जाम. शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडून रात्रभर ठेवला, सकाळी सुटले. पितळ चकचकीत करायची पेस्ट मात्र लावली नाही. चांदीच्या पट्टीवरच्या कोन वाचायच्या बारीक रेघा घासून गेल्या की यंत्र नुसतं शोभेचं.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर भुजा (पट्टीवर सरकणारा दांडा) शून्यावर ठेवून क्षितिज पाहिलं. थेट दिसणारं आणि आरशातलं क्षितिज एका रेघेत हवं, तर ते पायरीसारखं तुटलेलं! क्षितिज-आरशामागचा स्क्रू केसभर, केसभर फिरवत रेघ जुळवत आणली. तरी २ मिनिटांची चूक उरली. (कोनातलं १ मिनिट, अंशाचा साठावा भाग, म्हणजे समुद्रावर १ सागरी मैल, १,८५२ मीटर.) फार पिळलं तर आरसाच तडकायचा. म्हणून आता प्रत्येक मोजमापातून २ मिनिटं वजा करतो.