घरची बग्गी: वायरिंगचा नकाशा आधी, रंग नंतर

बग्गी, म्हणजे वाळू-चिखलात पळवायची हलकी उघडी मोटरगाडी, घरी बांधायला घेणाऱ्या बहुतेकांना वेल्डिंगची हौस असते. सस्पेन्शनवर ते तासन्‌तास बोलतात आणि वायरिंगचा विषय निघाला की ‘ते शेवटी बघू’ म्हणून मोकळे होतात. माझं उलट होतं. वेल्डिंग बेताचं, विजेच्या कामाची मात्र आवड. म्हणून फ्रेम नुसती टॅकवर (वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) उभी असतानाच मी वायरिंगचा नकाशा काढायला बसलो, आणि त्या नकाशामुळे फ्रेमवरच्या कितीतरी जागा बदलल्या. पहिल्यांदाच या उद्योगात पडणाऱ्यांना त्यातलं जे उपयोगी पडेल ते सांगतो.

किट बग्गीचा साचा कुठून आला हे आधी माहीत असलेलं बरं, कारण वायरिंगच्या निम्म्या अडचणी त्या साच्यातच आहेत. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्सचा हात होड्यांच्या कामामुळे फायबरग्लासवर बसलेला होता. १९६४ मध्ये त्याने आपली पहिली मेयर्स मँक्स तयार केली. पुढे विकायला काढलेल्या किटची कल्पना साधी होती: फोक्सवॅगन बीटलची बॉडी उतरवायची, खालचा सांगाडा सुमारे ३६ सेंटिमीटरने आखूड करायचा आणि त्यावर फायबरग्लासचा टब बोल्टने बसवायचा. १९६७ मध्ये मँक्सने मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा ला पाझ ते तिवाना हा खडतर पट्टा ३५ तासांच्या आत पार केला, तेव्हा तिचं नाव सगळीकडे झालं. नकला इतक्या निघाल्या की मेयर्सला कोर्टात जावं लागलं, आणि तिथे त्याचं पेटंट टिकलं नाही. आज घरोघरी बांधल्या जाणाऱ्या बग्ग्या त्याच वंशातल्या. खाली डोनर गाडीचा (जिचे भाग काढून वापरतात त्या जुन्या गाडीचा) सांगाडा किंवा स्वतः जोडलेली नळ्यांची फ्रेम, मागे इंजिन, वर फायबरग्लास.

आणि फायबरग्लासमधून वीज वाहत नाही.

कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या गाडीत हॉर्नला, दिव्याला बऱ्याचदा एकच वायर आलेली दिसते, कारण परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. डोनर गाडीचं वायरिंग उचलून जसंच्या तसं बग्गीत टाकलं की हा परतीचा रस्ता नाहीसा होतो. म्हणजे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी, स्वतंत्र वायर हवी. ती नसली किंवा कच्ची असली की मजेशीर खेळ सुरू होतात: इंडिकेटर लावला की टेल लॅम्प लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. नवखा माणूस अशा वेळी स्विच बदलतो, फ्लॅशर बदलतो. दोष बहुधा अर्थमध्येच असतो. आपली वाट बंद झाली की करंट शेजाऱ्याच्या अंगणातून जातो, म्हणजे दुसऱ्याच दिव्याच्या फिलामेंटमधून परततो.

मी फ्रेमवर दोन अर्थ पॉइंट ठेवले, एक पुढे आणि एक मागे. वेल्ड केलेला आठ मिलिमीटरचा बोल्ट, खाली दातेरी वॉशर, बसण्याची जागा रंगाविना स्वच्छ, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीसचा थर. पुढचे सगळे अर्थ पुढच्या बोल्टवर, मागचे मागच्या, आणि दोन्ही बोल्ट जाड वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. नुसत्या फ्रेमच्या भरवशावर राहू नका. हे बोल्ट पावडर कोटिंगच्या (भट्टीत भाजलेल्या रंगाच्या) आधी वेल्ड व्हायला हवेत. नकाशा आधी काढा म्हणतो ते एवढ्यासाठीच.

इंजिनाचा अर्थ वेगळाच विषय आहे. इंजिन रबरी माउंटवर बसतं आणि रबर करंट जाऊ देत नाही. इंजिन ते फ्रेम जाड विणलेली पट्टी टाकायची राहिली, तर स्टार्टरचा प्रचंड करंट जो धातू सापडेल त्यातून परततो: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. स्टार्ट मारताना केबल तापते ती याच कारणाने.

डोनर गाडी निवडताना सगळे इंजिन किती ताकदीचं हे विचारतात. वायरिंगच्या नजरेतून प्रश्न वेगळे असतात. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर वायरिंग बोटांवर मोजण्याइतकं: इग्निशन, स्टार्टर, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), तापमान आणि ऑइल प्रेशरचे सेन्सर. पहिल्या बग्गीला मी हेच सुचवेन. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन घेत असाल तर इंजिनाचं लूम (वायरींचा जुडगा), ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), त्याचे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि किल्लीची इमोबिलायझर यंत्रणा (परक्या किल्लीने इंजिन चालू होऊ न देणारी) असं सगळं एकत्रच घ्या. ईसीयूच्या जवळ वायर कापून आणलेलं इंजिन कितीही स्वस्तात मिळालं तरी नको. मोटरसायकलचं इंजिन हलकं आणि मोहक असतं, पण त्यात साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर अशी मंडळी असतात. त्यातलं एक जरी नाराज झालं तरी इंजिन चालू होत नाही. बहुतेकांना रिव्हर्स गिअरही नसतो, हे विकत घेण्याआधी आठवलेलं चांगलं.

डोनर उघडताना कटर हातात घ्यायच्या आधी मोबाइल हातात घ्या. प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढा, मग दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. ‘दोन्ही’ हा शब्द महत्त्वाचा, कारण एका टोकाची चिठ्ठी लूम टेबलावर पसरल्यावर काही कामाची राहत नाही. फ्यूज बॉक्स, रिले, त्यांचे सॉकेट, स्टिअरिंगवरचा कॉम्बिनेशन स्विच आणि प्रत्येक कनेक्टर वीतभर वायरीसकट काढून ठेवा.

नकाशा वाचता यावा म्हणून काही आकडे पाठ करण्यासारखे आहेत. जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकातले क्रमांक आजही रिलेच्या पोटाखाली छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीचा कायम चालू प्लस, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, ३१ अर्थ, ५० स्टार्टरकडे जाणारा. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ८७ वरून पुढे दिव्याला किंवा पंख्याला. एवढं डोक्यात बसलं की परक्या गाडीचा नकाशाही बोलायला लागतो.

आता हिशेब. प्रत्येक उपकरणाचे वॅट १२ ने भागले की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून नऊ अँपिअरच्या वर जातात, म्हणजे धरून चाला दहा. त्यावरून वायरची जाडी ठरवा आणि वायरवरून फ्यूज. क्रम हाच. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो. म्हणूनच तो वायर जिथून सुरू होते तिथे, बॅटरीच्या बाजूला हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या चार मीटरला काहीच संरक्षण देत नाही.

जाडीइतकंच लांबीला महत्त्व आहे, आणि बग्गीत इंजिन मागे, दिवे पुढे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चार मीटर वायरमधून दहा अँपिअर नेले, तर जाताना जवळजवळ अर्धा व्होल्ट वायरच खाते. परतीची वायर तशीच असेल तर एक व्होल्ट. ऐकायला कमी वाटतं, पण हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. व्होल्टेज पाच टक्के कमी झालं की प्रकाश साधारण पंधरा टक्क्यांनी उतरतो. उपाय म्हणजे हेडलाइटचे रिले पुढेच बसवायचे, त्यांना एक जाड वायर आणायची आणि डॅशबोर्डवरच्या स्विचने फक्त कॉइल चालवायची. स्विचवरून मग दहाऐवजी अँपिअरचा लहानसा अंश वाहतो, त्यामुळे तो जळतही नाही.

बॅटरी कुठे ठेवायची यावर मतं वेगळी असतात. वजनाचा तोल साधायला ती पुढे ठेवावी म्हणणारे चूक नाहीत, पण मी स्टार्टरच्या जवळ, सीटच्या मागे ठेवली. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर सहज ओढतो, म्हणजे पुढच्या बॅटरीपासून मागेपर्यंत जाड आणि जड केबल आली. शिवाय त्या केबलला सहसा फ्यूज नसतो. ती कुठे घासली आणि आतलं तांबं फ्रेमला टेकलं, तर थांबवणारं कोणी नाही. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी), दर काही इंचांवर क्लिप, आणि एक्झॉस्टपासून लांब. पेट्रोलच्या नळीला तिच्यासोबत बांधू नका, जागा कितीही सोयीची दिसली तरी.

घरातल्या भिंतीत घालतात ती एका तारेची वायर गाडीत नको. कंपनाने ती तुटते. अनेक बारीक तारांची ऑटोमोटिव्ह वायरच घ्या. जोड क्रिम्पचा (टर्मिनल वायरवर दाबून केलेला) की सोल्डरचा (कथिल वितळवून केलेला) यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. माझं मत क्रिम्पच्या बाजूने आहे: सोल्डर तारांमध्ये शोषलं जातं, तिथपर्यंत वायर कडक होते, आणि कडक भाग संपतो त्या रेषेवर हादऱ्यांनी तुटते. मात्र क्रिम्प पकडीने चेपलेला नव्हे. रॅचेट असलेलं क्रिम्पिंग टूल घ्या, टर्मिनलच्या मापाचे जबडे वापरा, आणि प्रत्येक जोड हाताने ओढून बघा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. या एका हत्यारावर खर्च करताना हात आखडू नका.

बग्गी चिखलात जाणार आणि मग पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाणार, हे गृहीत धरून लूम बांधा. कनेक्टरकडे येणारी वायर आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. सस्पेन्शन किंवा इंजिनाकडे जाणाऱ्या वायरीला हालचालीपुरती ढील ठेवा.

दोन बारीक गोष्टी अशा आहेत की ज्यांच्यामुळे लोक आठवडे घालवतात. पहिली, बॅटरीचा लाल इंडिकेटर. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरमध्ये सुरुवातीचा उत्तेजक करंट याच बल्बमधून जातो. हौसेने तिथे एलईडी बसवला की पुरेसा करंट मिळत नाही, अल्टरनेटर जागा होत नाही, आणि चांगला अल्टरनेटर उगाच दुरुस्तीला जातो. तिथे दोन-तीन वॅटचा साधा बल्ब ठेवा किंवा एलईडीला समांतर योग्य रेझिस्टर लावा. दुसरी, किल स्विच, म्हणजे संकटात सगळं एका झटक्यात बंद करणारा. नुसती बॅटरी तोडणारा स्विच चालत्या इंजिनाला बंद करेलच असं नाही, कारण अल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवत राहतो. वर बॅटरीचा आधार तुटल्याने व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. रेसिंगमध्ये वापरतात तो जादा टर्मिनलचा स्विच बॅटरीसोबत इग्निशनही तोडतो आणि उरलेला करंट रेझिस्टरमध्ये जिरवतो. तोच घ्या. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः बग्गी बांधून उतरतात त्या बाहा एसएई स्पर्धेत दोन किल स्विच लागतात, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरच्या माणसाला पोचेल असा. घरच्या बग्गीलाही हा नियम लावायला हरकत नाही. तुम्ही अशा कॉलेज टीममध्ये शिरू पाहत असाल तर वायरिंगचं काम मागून घ्या. सस्पेन्शनच्या टेबलाभोवती गर्दी असते, इथे पहिल्या दिवसापासून हातात काम मिळतं.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना सगळे फ्यूज काढून ठेवा आणि निगेटिव्हच्या मार्गात २१ वॅटचा बल्ब मालिकेत लावा. बल्ब पूर्ण उजळला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण धूर निघणार नाही. विझलेला राहिला तर एकेक फ्यूज घालत जा आणि बल्बकडे बघत राहा. इंजेक्शनच्या गाडीत मात्र ईसीयू या परीक्षेच्या वेळी काढून ठेवा.

अर्थ तपासायला मल्टिमीटरचा ओहम मोड पुरेसा नाही. एकच तार शाबूत असलेली वायरही तिथे पास होते. स्टार्टर फिरत असताना इंजिनचा धातू आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला व्होल्ट मोजा. पाव व्होल्टच्या वर दिसला तर कुठला तरी जोड सैल आहे किंवा त्याखाली रंग राहिला आहे. चार्ज असलेली बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झाल्यावर हा आकडा १३.८ ते १४.५ मध्ये यायला हवा. सगळं बंद करून बॅटरीतून किती करंट झिरपतो तेही पाहा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर काहीतरी जागं राहिलं आहे.

यानंतर फ्रेमवर काही वेल्ड करायची वेळ आलीच, आणि ती येतेच, तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि ईसीयूचे कनेक्टर काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा.

पहिल्या खडबडीत फेरीनंतर अर्थचे बोल्ट, बॅटरीचे क्लॅम्प आणि स्टार्टरवरचा नट पान्याने पुन्हा घट्ट करून बघा. मग टॉर्च घेऊन लूमच्या पूर्ण लांबीवरून जा. नळीच्या रंगावर चकचकीत रेघ उमटली असेल तिथे वायर घासते आहे. तिथे एक क्लिप वाढवा आणि ती जागा नकाशावर पेन्सिलने खुणा करून ठेवा.