माणसाला मशीन ठरवणारा डायलर: एएमडीची चूक कुठे शोधायची

आपोआप फोन लावणारा डायलर कधीकधी खऱ्या माणसालाच आन्सरिंग मशीन समजतो. अॅस्टेरिस्क या फोन सॉफ्टवेअरमध्ये हा निवाडा एएमडी (आन्सरिंग मशीन डिटेक्शन) करतो, पण त्याला शब्द कळत नाहीत. तो फक्त आवाज आणि शांतता मिलिसेकंदांत मोजतो. थोडं बोलून थांबला तो माणूस, बोलतच राहिली ती मशीन. त्यामुळे आकडे बदलण्याआधी त्याने नेमकं काय मोजलं ते पाहा.

डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉलचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या सूचनांत, एएमडीच्या आधी कॉल रेकॉर्ड करणारा मिक्समॉनिटर लावा. एएमडी संपल्यावर 'एएमडीस्टेटस' (निकाल) आणि 'एएमडीकॉज' (निकालाचं कारण) लॉगमध्ये लिहा. मग शंभरेक कॉल स्वतः ऐका. 'माणूस' ठरलेलेही ऐका, कारण तिथे लपलेले व्हॉइसमेल नुसता अहवाल वाचून सापडत नाहीत. चुकलेले कॉल कारणानुसार वेगळे करा.

'इनिशियल सायलेन्स': सुरुवातीची शांतता मर्यादेपलीकडे गेली की कॉल मशीन ठरतो. एएमडीच्या सेटिंगच्या नमुना फाइलमध्ये ही मर्यादा 2500 मिलिसेकंद आहे. फोन उचलून कानाला लावेपर्यंत ती संपत असेल तर 3000 ते 3500 करून बघा. पण रेकॉर्डिंगमध्ये पहिला 'हॅलो' अर्धवट ऐकू येत असेल तर दोष आकड्याचा नाही, आवाज उशिरा पोचतोय. आरटीपी (आवाज वाहून नेणारा प्रोटोकॉल), नॅट (नेटवर्कमधला पत्ता बदलणारी व्यवस्था) आणि गेटवेचं सायलेन्स सप्रेशन (शांतता न पाठवण्याची सोय) तपासा.

'लाँग ग्रीटिंग' (सुरुवातीचं बोलणं लांबलं म्हणून मशीन): सर्वाधिक फसवं कारण. मर्यादा 1500, आणि कार्यालयातली व्यक्ती संस्थेचं नाव सांगूनच ती ओलांडते. कार्यालयांच्या फोन नंबरांच्या याद्यांसाठी 2000 ते 2500 ठेवा. मात्र 'हॅलो' आखूड असूनही हेच कारण येत असेल, तर मागचा पंखा किंवा रहदारी बोलण्यात मोजली जातेय. तेव्हा 'सायलेन्स थ्रेशोल्ड', म्हणजे किती आवाजापर्यंत शांतता मानायची ती पातळी, 256 वरून थोडीथोडी वाढवा. फार वाढवलीत तर हळू आवाजात बोलणारा माणूस शांततेत जमा होईल आणि चूक पहिल्या गटात सरकेल.

मशीन 'माणूस' ठरत असेल तर 'आफ्टर ग्रीटिंग सायलेन्स' (बोलण्यानंतर किती शांतता झाली की माणूस मानायचं) बघा. 'नमस्कार' म्हणून संदेश 800 पेक्षा जास्त थांबला की एएमडी फसतो. हा आकडा वाढवला की खऱ्या माणसालाही तेवढंच ताटकळावं लागतं, म्हणून 1000 च्या पुढे सहसा जाऊ नका.

'नॉटशुअर' (खात्री नाही) असा निकाल आला की कॉल तोडू नका, एजंटला द्या. व्हॉइसमेल ऐकण्यात एजंटचे काही सेकंद जातात. माणसाचा फोन तुटला तर तो पुढचा कॉल उचलेलच असं नाही.

एका वेळी एकच आकडा बदला, मॉड्यूल रीलोड करा आणि समोरच्याच्या आवाजाची तीच जुनी रेकॉर्डिंग्ज चाचणीच्या कॉलमध्ये वाजवून निकाल ताडून पाहा.